शंका-समाधान : पाणी नसलेला बर्फ आणि एकटे पडलेले ध्रुव

मागील अंकात ‘कृत्रिम स्पिन आइस’वर एक टिपण आले होते. नॅनोमीटरच्या मापाचे हजारो चुंबक एका पृष्ठभागावर ठरावीक नक्षीत मांडायचे आणि त्यांच्याकडून निसर्गातल्या चुंबकीय पदार्थांची नक्कल करून घ्यायची, असा तो विषय. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पुष्कळ पत्रांत एकच शंका निरनिराळ्या शब्दांत आहे. अशी पत्रे एकत्र करून उत्तरे देत आहे.

शंका : नववीच्या वर्गात मुलांनी विचारले, “बाई, चुंबकांच्या जाळीला बर्फ का म्हणतात? ती गार असते का?” मला उत्तर देता आले नाही. (एक शिक्षिका, सातारा)

समाधान : गारव्याशी याचा काही संबंध नाही. संबंध आहे तो बर्फातले हायड्रोजन कसे बसतात याच्याशी, आणि तो फळ्यावर दाखवता येतो.

बर्फात प्रत्येक ऑक्सिजन अणूला चार ऑक्सिजन शेजारी असतात आणि शेजाऱ्याला जोडणाऱ्या प्रत्येक दुव्यावर एक हायड्रोजन असतो. तो बरोबर मधोमध बसत नाही. एका ऑक्सिजनला खेटून आणि दुसऱ्यापासून लांब, अशी त्याची बसण्याची तऱ्हा. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनजवळ दोनच हायड्रोजन असतात. म्हणून चार दुव्यांपैकी दोनांवरचे हायड्रोजन जवळ आणि दोनांवरचे लांब, असा नियम निघतो. बर्नाल आणि फाउलर यांनी तो 1933 साली मांडला. मात्र कोणते दोन जवळ यायचे, हे नियम ठरवून देत नाही.

आता फळ्यावर अधिकचे मोठे चिन्ह काढा. त्याच्या चार भुजांवर चार बाण. प्रत्येक बाण एक तर मध्याकडे येतो किंवा मध्यापासून दूर जातो. मुलांना सगळ्या मांडण्या काढायला सांगा, 16 भरतील. त्यांतल्या ‘दोन आत, दोन बाहेर’ अशा किती, ते मोजायला लावा. 6 निघतील. बर्फाचा नियम तो हाच.

याच 6 वरून लायनस पॉलिंग यांनी 1935 मध्ये एक सुंदर हिशेब केला. प्रत्येक रेणू 6 तऱ्हांनी बसू शकतो. पण त्याच्या दोन्ही हायड्रोजनना पलीकडच्या शेजाऱ्यानेही जागा द्यायला हवी. प्रत्येकाला ती मिळण्याची शक्यता निम्मी, म्हणजे दोघांना मिळून पाव. 6 ची पाव पट म्हणजे दीड. म्हणून रेणूमागे मांडण्यांची संख्या दीड पटीने वाढत जाते आणि बर्फ निरपेक्ष शून्याच्या जवळ नेला तरी त्यातली अव्यवस्था, म्हणजे एंट्रॉपी, शून्य होत नाही. एका मोलमागे ती सुमारे 3.37 जूल प्रति केल्विन उरते. त्याच सुमारास बर्कलीला जिओक आणि स्टाउट यांनी बर्फाची उष्णता अतिशय काळजीपूर्वक मोजली, तेव्हा पॉलिंग यांच्या आकड्याच्या अगदी जवळचा आकडा आला. विसाव्या शतकातल्या भौतिकशास्त्रात एवढ्या साध्या मोजणीतून एवढे खोल उत्तर फार थोड्या वेळा मिळाले आहे, असे मला मनापासून वाटते.

राहिला चुंबकांचा प्रश्न. 1997 मध्ये हॅरिस, ब्रॅमवेल आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की होल्मियम टायटनेट नावाच्या स्फटिकात होल्मियमचे अणू नेमके असेच वागतात. हे अणू म्हणजे चिमुकले चुंबक. ते चतुष्फलकांच्या कोपऱ्यांवर बसलेले असतात आणि अगदी कमी तापमानाला प्रत्येक चतुष्फलकात दोन चुंबकांची तोंडे आत, दोघांची बाहेर होतात. दोन वर्षांनी डिस्प्रोसियम टायटनेटची उष्णता मोजली गेली, तेव्हा त्यातही पॉलिंग यांच्या हिशेबाशी जुळणारी एंट्रॉपी शिल्लक असल्याचे दिसले. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत राहुल सिद्धार्थन आणि श्रीराम शास्त्री हे दोन भारतीय भौतिकशास्त्रज्ञ होते. अणूच्या चुंबकत्वामागे त्याचा ‘स्पिन’ असतो आणि मांडणीचा नियम बर्फाचा, म्हणून ‘स्पिन आइस’. पाण्याचा त्यात थेंबही नाही.

शंका : असे पदार्थ निसर्गनियमाने तयार होत असताना त्यांची नक्कल करण्याचा खटाटोप कशासाठी? आणि इतके छोटे चुंबक बनवतात तरी कसे? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे, याच आशयाची आणखी काही पत्रे)

समाधान : मूळ स्फटिकातला एकेक चुंबक कुणाला पाहता येत नाही, हे पहिले कारण. अणू डोळ्यांआड आणि स्फटिकाच्या पोटात. न्यूट्रॉनांचा झोत टाकून किंवा उष्णता मोजून जे कळते, ती असंख्य चुंबकांची सरासरी असते. शिवाय हे सगळे एखाद्या केल्विनच्या आसपास किंवा त्याखाली करावे लागते. आणि स्फटिकाची रचना आपल्या हातात नसते. दोन अणूंमधले अंतर थोडे वाढवून पाहू किंवा एक कोपरा काढून टाकू, असे म्हणायची सोय नाही. निसर्गाने दिले ते घ्यायचे.

अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातल्या पीटर शिफर यांच्या गटाने 2006 मध्ये ही अडचण उलट्या बाजूने सोडवली. नियम जर भूमितीतून येत असेल, तर अणूच कशाला हवेत? ती भूमिती मोठ्या चुंबकांनी आखली तरी नियम दिसायला हवा. त्यांनी लांबट आकाराचे चुंबक घेतले : लांबी 220 नॅनोमीटर, रुंदी 80, जाडी 25. धातू पर्मॅलॉय, म्हणजे निकेल आणि लोखंडाचा मिश्रधातू. एवढ्या छोट्या तुकड्यात चुंबकत्वाचे वेगवेगळे पट्टे पडत नाहीत. सगळा तुकडा मिळून एकच चुंबक होतो. आकार लांबट असल्यामुळे त्याला दिशाही दोनच : या टोकाकडे किंवा त्या टोकाकडे. फळ्यावरचा बाण झाला की हा! फरक ताकदीचा. स्फटिकातल्या एका डिस्प्रोसियम अणूचे चुंबकीय आघूर्ण, म्हणजे चुंबकी ताकद, अणूंच्या चुंबकत्वासाठी वापरायच्या एककात सुमारे 10 बोर मॅग्नेटॉन, तर या एका तुकड्याचे सुमारे 3 कोटी.

करण्याची पद्धत संगणकाच्या चिपसारखीच आहे. सिलिकॉनच्या गुळगुळीत चकतीवर एका पॉलिमरचा पातळ थर पसरतात. त्यावर इलेक्ट्रॉनांच्या बारीक झोताने हवी ती नक्षी ‘लिहितात’. झोत लागलेला भाग रसायनात विरघळतो आणि तिथे खळगे उरतात. वरून धातूची वाफ बसवतात. मग उरलेला पॉलिमर काढून टाकला की त्यावरचा धातूही निघून जातो आणि खळग्यांतले तुकडे तेवढे चकतीवर राहतात. शेजारच्या समांतर चुंबकांत अंतर किती ठेवायचे, हे लिहिणाऱ्याच्या हातात. 2006 च्या प्रयोगात ते 320 पासून 880 नॅनोमीटरपर्यंत बदलले होते.

पाहण्याचा भाग मला सर्वांत आवडतो. चुंबकीय बल सूक्ष्मदर्शकाची सुई स्वतःच चुंबकित असते. ती चकतीच्या किंचित वरून एकेक ओळ फिरते आणि खालून होणारी ओढ किंवा ढकल टिपते. चित्र उमटते, त्यात प्रत्येक तुकड्याचे एक टोक पांढरे आणि एक टोक काळे दिसते. एकाचा अर्थ उत्तर ध्रुव, दुसऱ्याचा दक्षिण. जिथे चार तुकडे भेटतात तिथे चार ठिपके. दोन पांढरे, दोन काळे असतील तर तिथे बर्फाचा नियम पाळला गेला. बोट ठेवून मोजता येते! मांडणी निव्वळ योगायोगाने झाली असती, तर 16 पैकी 6, म्हणजे 37.5 टक्के ठिकाणी नियम पाळलेला दिसला असता. सर्वांत दाट जाळीत तो 70 टक्क्यांहून अधिक ठिकाणी दिसला. चुंबक दूर दूर ठेवले तसा आकडा योगायोगाच्या आकड्याकडे सरकला. म्हणजे नियम चुंबकांच्या परस्परांवरील प्रभावातूनच येत होता.

जाता जाता : 2006 च्या या प्रयोगाच्या शोधनिबंधाच्या लेखकांतले नितीन समर्थ हे मुंबईच्या आयआयटीचे माजी विद्यार्थी.

नक्कल करण्याचे दुसरे कारण मला पहिल्यापेक्षा मोठे वाटते. एकदा नक्षी आपल्या हातात आली की निसर्गात नसलेल्या नक्ष्याही आखता येतात. लॉस अलामॉसचे क्रिस्तियानो निसोली आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये कागदावर अशा जाळ्या रचल्या, ज्यांत काही नाक्यांवरच्या, म्हणजे चुंबक एकत्र भेटतात त्या जागांवरच्या, चुंबकांची कुचंबणा ठरलेलीच. सगळ्या नाक्यांचे एकदम समाधान होऊच शकत नाही. कुणाची कुचंबणा व्हायची ते ठरवण्याचे मात्र अगणित मार्ग. त्यांतल्या एका जाळीचे नाव त्यांनी ‘शक्ती’ ठेवले. पुढच्याच वर्षी ती प्रत्यक्ष बनवली गेली आणि गणिताने सांगितलेली अव्यवस्था तिच्यात दिसली. असा स्फटिक कोणत्याही खाणीत सापडलेला नाही. हिला नक्कल म्हणणे आता अपुरे आहे.

शंका : ही नक्कल हुबेहूब आहे का? चुंबकांना दिशा बदलायला मोकळीक असते की त्यांना जबरदस्तीने फिरवतात? (कोल्हापूर)

समाधान : हुबेहूब नव्हती, आणि जिथे ती चुकत होती तिथेच सगळ्यांना जास्त शिकायला मिळाले.

पहिला फरक तापमानाचा. 220 गुणिले 80 गुणिले 25 नॅनोमीटरचा चुंबक खोलीच्या तापमानाला आपणहून दिशा बदलत नाही. उष्णतेचे हेलकावे त्याच्यापुढे फार दुबळे पडतात. म्हणून 2006 मध्ये चकती चुंबकीय क्षेत्रात गरगर फिरवली आणि क्षेत्र पायरीपायरीने कमी करत नेले. तुम्ही म्हणता ती जबरदस्तीच. तिने चुंबक नियमाच्या जवळ जातात, पण सर्वांत कमी ऊर्जेच्या मांडणीला पोहोचत नाहीत. पुढे दोन वाटा सापडल्या. एक, जाळी इतकी तापवायची की चुंबकत्वच नाहीसे व्हावे, आणि मग हळूहळू निववायची. दुसरी, चुंबक इतके पातळ करायचे की ते खोलीच्या तापमानाच्या आसपासच स्वतःहून दिशा बदलू लागतील. स्वित्झर्लंडमधल्या पॉल शेरर संस्थेत सुमारे 3 नॅनोमीटर जाडीचे चुंबक बनवले आणि क्ष-किरणांच्या सूक्ष्मदर्शकाखाली ते उलटताना पाहिले. एकामागून एक चित्रे घेतली की काळ्याचा पांढरा आणि पांढऱ्याचा काळा होताना दिसतो. इथे जबरदस्ती नाही, जे होते ते उष्णतेने होते.

दुसरा फरक भूमितीचा आणि तो अधिक अवघड. चतुष्फलकाचे चारही कोपरे एकमेकांपासून सारख्या अंतरावर असतात. म्हणून ‘दोन आत, दोन बाहेर’च्या सहाही मांडण्यांना सारखीच ऊर्जा लागते. सपाट चौकोनी जाळीत तसे होत नाही. नाक्यावर काटकोनात असलेले दोन चुंबक जवळ येतात, समोरासमोरचे लांब पडतात. मग समोरासमोरचे दोन आत आणि उरलेले दोन बाहेर, या दोन मांडण्या बाकीच्या चारांपेक्षा स्वस्तात पडतात. पुरेसा वेळ आणि पुरेशी उष्णता दिली की सगळी जाळी त्याच दोन मांडण्यांची, बुद्धिबळाच्या पटासारखी आलटूनपालटून, शिस्तीत लागते. शिस्त आली की बर्फाची ती शिल्लक एंट्रॉपी गेली. म्हणजे नक्कल जितकी नीट थंड होऊ द्यावी, तितकी ती बर्फापासून दूर जाते.

उपाय म्यॉलर आणि म्योसनर यांनी 2006 मध्येच कागदावर सुचवला होता : आडवे चुंबक थोडे उंच उचला आणि उभे खालीच ठेवा. उंचीमुळे काटकोनातले शेजारीही लांब जातात आणि एका विशिष्ट उंचीला सगळ्या जोड्या सारख्या होतात. नॅनोमीटरच्या जगात अर्धे चुंबक ओट्यावर आणि अर्धे जमिनीवर बांधणे सोपे नव्हते. ग्रेनोबलच्या नेएल संस्थेतल्या संशोधकांनी 2016 मध्ये ते करून दाखवले आणि चौकोनी जाळीत खऱ्या बर्फाची अव्यवस्था अवतरली. कार्डिफमध्ये साम लडाक यांच्या गटाने पुढे पृष्ठभाग सोडून त्रिमितीतच अशी जाळी उभारली. सूचना आणि सिद्धी यांच्यात दहा वर्षे गेली, हे तरुण वाचकांनी लक्षात ठेवावे.

शंका : चुंबकाचे कितीही तुकडे केले तरी प्रत्येकाला दोन ध्रुव असतात, असे मी तीस वर्षे वर्गात शिकवले. आता तुम्ही लिहिता की या जाळ्यांत ‘एकध्रुव’ दिसतात. मग आम्ही शिकवले ते चूक होते काय? (एक निवृत्त शिक्षक, डोंबिवली)

समाधान : आपण शिकवले ते बरोबर होते आणि आजही तसेच शिकवावे. या विषयावर वर्तमानपत्रांतून ‘एकध्रुव सापडला’ असे मथळे येतात, त्यांनी गोंधळ होतो. म्हणून हे उत्तर सविस्तर देतो.

प्रत्येक नॅनोचुंबकाची कल्पना एका दांडीसारखी करू. एका टोकाला अधिक, दुसऱ्याला उणे. नाक्यावर दोन आत, दोन बाहेर असले की दोन अधिक आणि दोन उणे एकत्र येतात, बेरीज शून्य. आता तिथला एक चुंबक उलटला. त्या नाक्यावर तीन आत, एक बाहेर झाले आणि बेरजेत अधिक उरले. त्याच चुंबकाचे दुसरे टोक शेजारच्या नाक्यावर आहे; तिथे एक आत, तीन बाहेर होऊन उणे उरले. अधिक आणि उणे जोडीनेच जन्मले. पुढे शेजारच्या नाक्यावरचा आणखी एक चुंबक उलटला, की उणे त्याच्याही पलीकडच्या नाक्यावर जाते. पंगतीत मध्येच एक पान रिकामे राहिले आणि पुढचा एकेक माणूस सरकून बसत गेला, तर रिकामे पान पंगतभर फिरते. माणूस मात्र कुणी एका पानापलीकडे हलत नाही. इथेही तसेच. कुठल्याही चुंबकाचा ध्रुव सुटून गेलेला नाही. प्रत्येक चुंबकाला अजून दोन ध्रुव आहेत. फिरते आहे ती नाक्यावरची शिल्लक. पण ती शिल्लक इतर शिलकांना ओढते, ढकलते, अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, जणू स्वतंत्र ध्रुवच! 2008 मध्ये कास्तेलनोव्हो, म्योसनर आणि शिवाजी सोंधी यांनी नैसर्गिक स्पिन आइसबद्दल हे मांडले. कृत्रिम जाळीत ते डोळ्यांनी दिसले : 2010 मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या गटाला, आणि लगेच पुढे स्वित्झर्लंडमध्ये लॉरा हायडरमन यांच्या सहकाऱ्यांना, ज्यांनी अशा दोन शिलकांमध्ये उलटलेल्या चुंबकांची माळच चित्रात टिपली.

पॉल डिरॅक यांनी 1931 मध्ये ज्याची शक्यता वर्तवली तो खरा एकध्रुव, म्हणजे निर्वातातही एकटा राहणारा मूलकण, आजवर कुणाला निर्विवादपणे सापडलेला नाही. स्टॅनफर्डला ब्लास काब्रेरा यांच्या अतिवाहक कड्यात 14 फेब्रुवारी 1982 रोजी एकदा हवा तसा संकेत आला, तो पुन्हा कधीही आला नाही. सर्न प्रयोगशाळेत त्याचा शोध चालूच आहे. स्पिन आइसमधला ‘एकध्रुव’ पदार्थाबाहेर काढता येत नाही, आणि त्याचे मूल्यही डिरॅक यांच्या एकध्रुवाइतके नसते. डिस्प्रोसियम टायटनेटमध्ये ते त्याच्या सुमारे आठ हजाराव्या हिश्शाइतके भरते. मॅक्सवेल यांची समीकरणे जशीच्या तशी आहेत. वर्गात एवढे सांगावे : चुंबक तोडून एकटा ध्रुव मिळत नाही, पण हजारो चुंबक मिळून एकट्या ध्रुवासारखे वागू शकतात.

शंका : याचा सामान्य माणसाला उपयोग काय? मोबाइलमध्ये कधी येणार? (नांदेड)

समाधान : मोबाइलमध्ये येईल असे मी लिहिणार नाही. उपयोगाच्या दिशेने प्रयत्न चालू आहेत एवढे खरे. चुंबक वीज बंद झाली तरी आपली दिशा राखतो, आणि जाळीतले सगळे चुंबक एकमेकांवर परिणाम करत असतात, म्हणून अशा जाळीकडून गणन करून घेता येईल का, हे तपासले जात आहे. इंपीरियल कॉलेजमधल्या जॅक गार्टसाइड यांच्या गटाने 2022 मध्ये अशा जाळीला क्षेत्राच्या रूपात आकडे दिले, तिच्यातल्या चुंबकीय लहरींचे मापन केले आणि त्यावरून एका गुंतागुंतीच्या आकडेमालिकेचा पुढचा अंदाज काढला. भारतातही आयआयटी दिल्ली आणि कोलकात्याचे सत्येंद्रनाथ बोस केंद्र येथे या चुंबकरचनांवर काम होते. पण आज या विषयाची खरी कमाई ज्ञानाची आहे, आणि ती कमी आहे असे मी मानत नाही.

शंका : मी अकरावीत आहे. घरी किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत असे काही करून बघता येईल का? (एक विद्यार्थिनी, रत्नागिरी)

समाधान : येईल. हार्वर्डमध्ये 2012 मध्ये मेयादो, कोंचा आणि महादेवन यांनी जेमतेम दोन सेंटीमीटर लांबीच्या, आसावर फिरणाऱ्या चुंबकी कांड्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या नक्षीत मांडून हाच विषय साध्या डोळ्यांनी दिसेल असा केला. तू शाळेतली छोटी होकायंत्रे घे आणि काचेच्या तावदानावर एकमेकांना जवळजवळ चिकटवून मांड. पट्टीचुंबक जवळ नेऊन हलव आणि सावकाश दूर ने. सुया आता उत्तरेकडे तोंड न करता एकमेकींकडे बघून रांगा धरतात का, ते पाहा. होकायंत्रांमधले अंतर बोटभर वाढव आणि पुन्हा कर. अंतर वाढले की पृथ्वीचे क्षेत्र वरचढ होईल. लक्षात ठेव, सुई कोणत्याही कोनात फिरू शकते, नॅनोचुंबकाला मात्र दोनच दिशा असतात. त्यामुळे हा स्पिन आइस नव्हे, पण शेजाऱ्यांचे ऐकणे म्हणजे काय ते यातून कळते.

खरा हिशेब वहीत कर. साताऱ्याच्या बाईंना सांगितलेली चार बाणांची मोजणी आधी स्वतः करून बघ. मग षट्कोनी जाळी घे, जिच्या प्रत्येक नाक्यावर तीनच चुंबक भेटतात. तिथे एकूण मांडण्या किती? ‘दोन आत, एक बाहेर’ किंवा ‘एक आत, दोन बाहेर’ अशा किती? आणि तिथल्या नाक्यावरची शिल्लक कधी तरी शून्य होऊ शकेल का? उत्तर कारणासह लिहून पाठव. इतर विद्यार्थ्यांनीही पाठवावे. पत्रावर नाव, इयत्ता आणि शाळेचा पत्ता असावा.